‘कीड’ म्हणण्याचा अधिकार कुणी दिला?



आजचा लेख काही जणींना झोंबेल. झोंबू दे. पर्युषणात सगळ्या जीवांची क्षमा मागायची आणि एरवी वर्षभर हॉलमधल्या काचेच्या पेटीत काय चाललंय याकडे डोळेझाक करायची, हे मला आता बघवत नाही.

विषय आहे समुद्राच्या पाण्याच्या फिश टँकचा. मीठ घातलेलं पाणी, प्रवाळ, निळे-पिवळे मासे, वरून निळसर दिवा. आपल्या समाजातल्या बऱ्याच घरांत आणि दुकानांत हा टँक आता दिसतो. तो आला की दोन-चार महिन्यांत घरातल्या बाईचा एक प्रश्न ठरलेला: “टँकमध्ये बारीक बारीक गोगलगायी झाल्यात. काय टाकू म्हणजे जातील?”

आणि उत्तरंही ठरलेली. एक म्हणते औषध टाक. दुसरी म्हणते चिमट्याने ओढून बेसिनमध्ये टाक. तिसरी म्हणते अमका मासा आण, तो खाऊन टाकतो. चौथी म्हणते नळीसारखं काही चिकटलं असेल तर तोंडावर सुपरग्लूचा थेंब सोड, आतल्या आत मरतं. या सगळ्या सल्ल्यांत एकही जण विचारत नाही की ती गोगलगाय कुठली आहे, ती काय खाते आणि तिने तुझं काय बिघडवलंय.

या बायका कोण? सूर्य मावळला की पाण्याशिवाय काही न घेणाऱ्या. भाजीवाल्याने चुकून पिशवीत कांद्याची पात टाकली तर परत द्यायला दोन जिने उतरणाऱ्या. तांदूळ निवडताना सोंडा दिसला तर कागदावर घेऊन सावलीत सोडणाऱ्या. त्याच हातांनी सुपरग्लू? मला याचंच आश्चर्य वाटतं, आणि रागही येतो.

हे जीव येतात कुठून?

आधी हे समजून घेऊ. अशा टँकमध्ये जो खडक ठेवतात त्याला दुकानदार ‘लाइव्ह रॉक’ म्हणतात. नावातच ‘जिवंत’ आहे. मेलेल्या प्रवाळांचा सच्छिद्र खडक समुद्रात राहून राहून जीवांनी भरून जातो. त्याच्या भोकाभोकांत शेवाळ, कृमी, खेकड्यांची पिल्लं, शंखांची अंडी असतात. हा खडक दूरच्या समुद्रातून उचलून ओल्या कागदात गुंडाळून विमानाने येतो. त्यावरचे निम्मे-शिम्मे जीव वाटेत मरतात आणि उरलेले तुमच्या हॉलमध्ये येतात. प्रवाळाचा तुकडा घेतला तर त्याच्या बुडाला चिकटूनही येतात.

म्हणजे ‘बिनबोलावता आलेल्या’ वगैरे जे आपण म्हणतो ना, ते खोटं आहे. ती गोगलगाय तुमच्या घरी चालत आली नाही. तिचं घर उचलून तुम्ही आणलंत, पैसे मोजून आणलंत. मग तिलाच ‘कीड’ म्हणायचं? घर विकत घेऊन आतल्या म्हाताऱ्या भाडेकरूला चोर म्हणण्यातला हा प्रकार आहे.

पाठशाळेत शिकलेलं आठवा

बेइंद्रिय जीवांची उदाहरणं द्या, असं पाठशाळेत विचारलं की आपण एका दमात काय म्हणायचो? शंख, शिंपला, कवडी, गांडूळ, जळू. यादीत पहिलं नाव शंखाचं. समुद्रातली गोगलगाय म्हणजे शंखच की. मोहरीएवढा असला म्हणून तो शंख नाही असं होत नाही. स्पर्शन आणि रसना ही दोन इंद्रियं, कायबल, वचनबल, श्वासोच्छ्वास आणि आयु असे सहा प्राण त्याला आहेत. तो त्रस जीव आहे. वनस्पतीसारखा स्थावर नाही, की गृहस्थाला पूर्ण टाळता येत नाही म्हणून सवलत मिळेल. श्रावकाच्या अहिंसाणुव्रतात त्रस जीवांच्या संकल्पी हिंसेचा त्याग आहे, आणि तो बिनशर्त आहे.

इथे एक पळवाट हमखास काढली जाते. “अगं, टँक साफ करणं म्हणजे घरकाम. आरंभी हिंसा आहे ही. स्वयंपाकात नाही का होत?”

नाही, मैत्रिणी. फरक नीट बघ. हिंसेचे चार प्रकार आपण शिकलोय: संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी. केर काढताना, पाणी तापवताना, काळजी घेऊनही न कळत जे घडतं ते आरंभी. काच पुसताना एखादी पिटुकली शंखी फडक्याखाली आली, तर ते आरंभी म्हण, आणि प्रतिक्रमणात आठवून क्षमा माग. पण ‘ही इथे नको’ असं ठरवून चिमटा हातात घेतलास, तर त्या क्षणी ते संकल्पी झालं. आधी इरादा, मग शोध, मग कृती. शास्त्रात ज्याला संकल्प म्हणतात त्याचं याहून स्पष्ट उदाहरण मला सुचत नाही.

दुसरी पळवाट विरोधी हिंसेची. “ती माझ्या प्रवाळांना खाते, मी त्यांचं रक्षण करते.” ठीक. पण ती खाते हे तुला कसं कळलं? बघितलंस? का कुणीतरी सांगितलं म्हणून? रक्षणासाठी शस्त्र उचलणाऱ्याने समोरचा शत्रू आहे एवढी तरी खात्री करायची असते. न ओळखता उगारलेल्या हाताला रक्षण म्हणत नाहीत.

आणि जी घरबसल्या दुसरीला सांगते ‘टाक औषध’, तिने आपण काही केलं नाही असं समजू नये. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात अनर्थदंडाचे जे पाच प्रकार आहेत त्यांत पहिला पापोपदेश आहे. तांब्याचं औषध माशांच्या रोगावर चालतं, पण शंख, शिंपले, खेकडे यांच्यासाठी ते विष आहे. ते टाकलं की दोन गोगलगायी नाही, टँकमधला त्या जातीचा झाडून सगळा जीव जातो. एका ओळीच्या सल्ल्यात एवढं पाप बसतं.

आता ओळख करून घ्या

कुणी म्हणेल, आम्ही काय शास्त्रज्ञ आहोत? अगं, तू डाळीतला पोरकिडा आणि तांदळातला सोंडा नुसत्या नजरेने वेगळा सांगतेस. मोहरीत मिसळलेली राळ्याची कणी शोधतेस. तुझ्याइतकी तयार नजर प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्याकडेही पहिल्या वर्षी नसते. फक्त काय बघायचं ते कळायला हवं.

हे बहुतेक जीव रात्री फिरतात. दिवा बंद झाल्यावर दोन-तीन तासांनी, नाहीतर पहाटे सामायिकाला उठता तेव्हा, टॉर्चवर लाल जिलेटीन कागद लावून बघा. भिंग घ्या, नसेल तर फोनच्या कॅमेऱ्याने फोटो काढून मोठा करा. चार गोष्टी बघा: आकार कसा आहे, तोंडाला झाकण आहे का, जागा बदलते का, आणि कुणाच्या जवळ बसली आहे.

ज्वारीच्या दाण्याएवढी, गोल, बुटक्या भोवऱ्यासारखी, करड्या-तपकिरी ठिपक्यांची, आणि तोंडाशी चुन्याचं गोल पांढरं झाकण असलेली दिसली, तर ती कोलोनिस्टा. पाच मिलिमीटरच्या आसपासच राहते, मोठी होत नाही. काचेवरचं आणि खडकावरचं शेवाळ खाते. कुणाला काही करत नाही. “शेकड्यांनी झाल्यात” अशी तक्रार बहुतेक वेळा हिच्याबद्दल असते.

अंगावर कानाच्या पाळीसारखं चपटं, अपुरं कवच आणि बाकी शरीर बाहेर, एखाद्या गोमूसारखी दिसणारी पण चपळ, ती स्टोमाटेला. दिवा टाकला की पळते. डिवचलं तर पालीने शेपूट टाकावी तसा मागचा मांसाचा तुकडा टाकून निघून जाते. विचार करा, नुसत्या चिमट्याच्या भीतीने ती स्वतःचा अवयव सोडते! हीसुद्धा शेवाळच खाते.

लांबट, मळसूत्रासारखी, मिरीच्या दाण्याहून जरा लांब, वाळूत आणि खडकाच्या सांदीत फिरणारी बहुधा सेरिथ. उरलंसुरलं आणि शेवाळ खाऊन जगते. एक-दोन मिलिमीटरच्या तपकिरी, काचेवर एकट्यादुकट्या फिरणाऱ्या रिसॉइड शंखीही अशाच निरुपद्रवी.

काचेवर पांढरी, जिलेबीच्या आकाराची, राजगिऱ्याएवढी वेटोळी चिकटलेली दिसतात आणि कधीच हलत नाहीत, ती तर गोगलगायच नाही. ते स्पायरॉर्बिड नावाचे कृमी. भिंगातून बघितलं तर तोंडाशी इवलासा पिसांचा तुरा दिसतो. पाण्यातले कण गाळून खातात. ब्लेडने खरवडून काढायची घाई यांच्याबाबत सगळ्यात जास्त होते. का? तर काच स्वच्छ दिसत नाही म्हणून. पाहुण्यांना काच चकचकीत दिसावी यासाठी बेइंद्रिय जीव खरवडायचे, याला मी काय नाव देऊ?

आता जरा त्रास देणाऱ्या. यांचाही उल्लेख करते, नाहीतर म्हणाल एकच बाजू सांगितली.

पिरामिडेलिड. तांदळाच्या कणीसारखी, पांढरी, टोकदार, एक ते तीन मिलिमीटरची. हिला बाकीच्या गोगलगायींसारखी किसणीवजा जीभ नसते, सोंडेतल्या सुईने ती मोठ्या शिंपल्याचा किंवा मोठ्या शंखाचा रस शोषते. ओळखण्याची खूण म्हणजे तिची जागा. रात्री मोठ्या शंखाच्या किंवा शिंपल्याच्या कडेशी चार-सहा जणी ओळीने बसलेल्या दिसतात. तीव्र भिंगातून बघितलं तर कवचाचं अगदी टोकाचं वेटोळं बाकीच्या वेटोळ्यांशी जुळत नाही, उलटं वळलेलं असतं. मोकळ्या काचेवर फिरणारी पांढरी शंखी दिसली की लगेच तिला हे नाव चिकटवू नका. ती सेरिथचं पिल्लू असू शकते, रिसॉइड असू शकते.

व्हर्मेटिड. हिचं कवच मोकळं वेटोळं नसून खडकाला चिकटलेली कडक नळी असते. ती हलत नाही, तोंडातून कोळ्यासारखं चिकट सुतांचं जाळं सोडते आणि त्यात अडकलेलं खाते. फार वाढल्या तर त्या जाळ्यांनी प्रवाळांची वाढ खुंटते, हे पॅसिफिकमधल्या मूरिया बेटाजवळच्या अभ्यासात दिसलेलं आहे. पण नळी दिसली की व्हर्मेटिड असंही नाही. तोंडातून पिसांचा पंखा बाहेर येत असेल तर तो पंखाकृमी, त्याचा कुणालाच त्रास नाही.

हेलिअॅकस. चपटी, काळ्या-पांढऱ्या चौकड्यांची, बटणासारखी सुंदर. ही झोअँथिड नावाच्या फुलासारख्या दिसणाऱ्या जीवांवर जगते.

बघा आता हिशोब. घरगुती टँकमध्ये आपोआप वाढणाऱ्या बारीक गोगलगायींत बहुतेक शेवाळ खाणाऱ्या असतात. खरा त्रास देणाऱ्या थोड्या आणि ठरावीक. आणि आपण काय करतो? ज्या डझनाने दिसतात त्यांनाच मारतो, कारण त्या डझनाने दिसतात.

आणखी एक हसावं की रडावं अशी गोष्ट. फुकट आलेल्या, काच साफ करणाऱ्या शंखी वेचून फेकायच्या, आणि त्याच आठवड्यात दुकानातून टर्बो आणि ट्रोकस जातीचे मोठे शंख विकत आणायचे. कशासाठी? शेवाळ खायला! दुकानदार त्यांना सफाई कामगार म्हणून डझनावर विकतो. टँक छोटा, शेवाळ थोडं. ते संपलं की ते शंख उपाशी मरतात. मग परत डझन. तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितलेत, त्यांत शेवटचा अन्नपाननिरोध आहे हे विसरलात का? पहिला कोणता, तो आठवा. बंध. कोंडून ठेवणं. काचेची पेटी म्हणजे दुसरं काय आहे?

मासा आणून खाऊ घालणं

‘आम्ही मारत नाही, मासा खातो’ म्हणणाऱ्यांसाठी स्वतंत्र परिच्छेद हवाच. पिरामिडेलिडवर उपाय म्हणून रॅस जातीचे छोटे मासे विकले जातात आणि ते खरंच अशा शंखी टिपतात. समुद्रात मासा शंखी खातो तो त्याचा स्वभाव, त्याचं कर्म. पण मुद्दाम त्या कामासाठी त्याला विकत आणून त्या पेटीत सोडणारी तू. कृत, कारित, अनुमोदना हे तीन शब्द आपण रोज म्हणतो. कसायाला पैसे देऊन ‘मी सुरी धरली नाही’ म्हणणाऱ्याला आपण काय म्हणतो तेही माहीत आहे. इथे मात्र सुरी रंगीत आहे आणि पोहते, म्हणून चालतं?

मग करायचं काय?

मोघम बोलून मी सुटणार नाही.

पहिली गोष्ट, संख्या वाढते ती आपल्यामुळे. माशांना चिमटीऐवजी मूठभर खाणं पडतं, उरलेलं कुजतं, त्यावर शेवाळ आणि कण वाढतात आणि ते खाणारे वाढतात. व्हर्मेटिडचंही तेच, पाण्यात पावडरचं खाणं उधळलं की तिच्या जाळ्यात भरपूर पडतं. मासे जेवढं दोन मिनिटांत संपवतील तेवढंच घाला. हे कुणाला उपाशी ठेवणं नाही, उधळपट्टी थांबवणं आहे. जन्मच कमी झाले तर मारण्याचा प्रश्न येत नाही. स्वयंपाकघरात आपण हेच करतो ना? पीठ जास्त दिवस साठवत नाही, म्हणजे त्यात अळ्या होत नाहीत.

दुसरी गोष्ट, पाणी बदलताना. आपल्या आज्या विहिरीचं पाणी गाळून झालं की गाळणं उलटं करून वर पाणी सोडायच्या आणि ती जिवाणी त्याच विहिरीत हळूच पोचवायच्या. नुसतं गाळणं अर्धं काम, जीव जिथला तिथे पोचवणं हे दुसरं अर्धं. टँकचं जुनं पाणी पाइपने काढून थेट नाल्यात सोडतो तेव्हा त्यात किती पिल्लं जातात हे कधी बघितलंय? बादलीवर दुहेरी सुती कापड बांधा, पाणी गाळा आणि कापड टँकच्याच पाण्यात हलक्या हाताने झटका. नळाच्या गोड्या पाण्यात कापड धुऊ नका, समुद्रातले हे जीव त्यात तडफडून मरतात. पाच मिनिटांचं काम आहे.

तिसरी गोष्ट, पुण्य म्हणून त्यांना समुद्रात सोडायला जाऊ नका. हे मुद्दाम सांगते, कारण चौपाटीवर जाऊन ‘जीवदया’ करून येणारेही आहेत. हे जीव आपल्या किनाऱ्याचे नाहीत. १९८४ मध्ये मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाजवळ कॉलर्पा नावाचं मत्स्यालयातलं शेवाळ भूमध्य समुद्रात आढळलं, आणि पुढे त्याने हजारो हेक्टर समुद्रतळ व्यापून तिथल्या मूळच्या सागरी गवताची जागा घेतली. एका पेटीतून सुटलेली एक वनस्पती एवढं करते. आपली जिवाणी ‘त्याच विहिरीत’ सोडायची असते, दुसऱ्याच्या विहिरीत नाही. यांची विहीर हजारो मैल लांब राहिली, म्हणून आता टँक हीच त्यांची विहीर.

चौथी गोष्ट कठीण आहे. शिंपल्याला खरोखरच पिरामिडेलिड लागल्या तर? मऊ ब्रशने त्या अलगद बाजूला करून खडकाच्या दुसऱ्या टोकाला सोडता येतात, रोज करावं लागेल. टँकच्या खालच्या वेगळ्या कप्प्यात ठेवता येतात, पण तिथे त्यांना शोषायला कुणी नाही म्हणजे त्या हळूहळू संपतील. शिंपल्याकडे दुर्लक्ष केलं तर तो संपेल. खरं सांगायचं तर इथे स्वच्छ उत्तर नाही. मी रोजच्या ब्रशच्या बाजूची आहे, कारण त्यात कष्ट आपल्याला आहेत आणि मरण निदान आपण ठरवत नाही. पण ‘अहिंसेने हे कसं सोडवायचं’ असं विचारत माझ्याकडे येऊ नका. समुद्रात या दोघांमध्ये मैलोन्‌मैल पाणी होतं. त्यांना दोन फुटांच्या पेटीत एकमेकांसमोर आपण बसवलं. प्रश्न तिथे तयार झाला, गोगलगायीने तयार केला नाही.

आता उलट बाजूने येणारा आवाजही ऐकते. “टँक ठेवणाऱ्या घराने अहिंसेच्या गप्पाच मारू नयेत. टँक मोडून टाकावा.” ताई, मोडायचा म्हणजे काय करायचं? पाणी सोडून द्यायचं आणि खडक गच्चीवर वाळत घालायचा? त्यात एका दिवसात हजारो जीव जातील. एकदा घरात आलेल्या टँकची जबाबदारी त्यातल्या शेवटच्या जीवाचं आयुष्य संपेपर्यंत आहे. चूक झाली म्हणून घर जाळायचं नसतं, तिथून पुढे नीट वागायचं असतं.

पण नवीन टँक? त्याला माझा स्पष्ट विरोध आहे. शोभेसाठी, वास्तूसाठी, मुलांना ‘निसर्ग दाखवण्यासाठी’, कशासाठीही. उपजीविका नाही, अन्न नाही, औषध नाही. ज्याच्याविना काही अडत नाही अशी हिंसा म्हणजेच अनर्थदंड. आपल्याच सिंधुदुर्गात मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. दगडी प्रवाळांना आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याने २००१ पासून अनुसूची १ मध्ये, म्हणजे वाघाच्या पंगतीला, बसवलं आहे. आपल्या समुद्रातला तुकडा उचलणं गुन्हा, तर दुसऱ्यांच्या समुद्रातला पैसे देऊन आणणं हे पुण्य कसं होईल? मुलांना प्रवाळ दाखवायचाच असेल तर तो जिथे आहे तिथे, न हात लावता दाखवा.

हौस कुणाची, हात कुणाचा

शेवटी एक घरचीच गोष्ट. बहुतेक घरांत टँक आणतात ते पुरुष. दुकानात तासभर उभे राहतात, मासे निवडतात, दिव्याचे रंग ठरवतात. पहिले दोन महिने कौतुक. नंतर मीठ मोजणं, काच पुसणं, पाणी बदलणं हे कुणाकडे येतं? आणि ‘त्या गोगलगायींचं काहीतरी कर गं’ हे कुणाला सांगितलं जातं? हौस त्यांची, हिंसा आपल्या हाताने. रात्री जेवण नको म्हणून ठामपणे सांगणाऱ्या आपण, इथे मात्र चिमटा घेऊन उभ्या राहतो. ‘मी हे करणार नाही, आणि तुम्हीही करणार नाही’ असं एकदा म्हणून बघा. घरात काय शिजेल ते आपण ठरवतो, तर घरात काय मरणार नाही हेही आपण ठरवू शकतो.

कुणीतरी नक्की म्हणेल, विज्ञान तर सांगतं गोगलगायीला शिंगांच्या बुडाशी डोळे असतात, तिला वासही कळतो, मग बेइंद्रिय कसली? तो वाद पंडितांनी घालावा. मला एवढंच कळतं की तिला दोन इंद्रियं मानली तरी तिला मारायला मनाई आहे, आणि जास्त मानली तर मनाई आणखी कडक होते. सवलत कुठल्याच बाजूने मिळत नाही.

साधूंना वस्तू उचलताना-ठेवताना आधी बघायची समिती असते. आपण गृहस्थ, आपल्याकडून तेवढं होणार नाही. पण ज्याच्यावर हात उचलायचा त्याच्याकडे एकदा नीट बघणं एवढं तर होईल? तेव्हा ज्यांच्या घरी टँक आहे त्यांनी आज दिवा मालवल्यावर टॉर्च आणि भिंग घेऊन बसा. काय दिसलं, गोल की लांबट, झाकण होतं की नाही, कुठे बसली होती, वहीत लिहा. आठवडाभर फक्त बघा, काही काढू नका, काही टाकू नका. आणि पुढच्या वेळी कुणी विचारलं ‘काय टाकू म्हणजे जातील’, तर उत्तर देऊ नका. उलट विचारा, “कुठली आहे?”

जय जिनेंद्र.